पाठीला आधार

१

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांना सगळे मापाडी म्हणत. खरं नाव गाडीच्या कागदांवर सही करण्यापुरतं उरलं होतं. बाकीचे व्यापारी गाडी घेताना बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात, रंगावरून नख ओढून बघतात. मापाडी यातलं काही करत नसत. दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि पाव तास गप्प राहायचं, एवढंच. सीट पुढे-मागे करायची नाही, आरसा हलवायचा नाही, स्टिअरिंगला बोट लावायचं नाही.

"आधी गाडीला बोलू द्यावं," ते म्हणत. "आपल्याला नंतर बोलायचंच आहे."

आणि गाडी बोलायची. एकदा एक गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगत होते, की गाडी मी सोडून कुणी चालवलीच नाही. मापाडी सीटवरून उठले आणि म्हणाले, "तुमच्या धाकट्या भावाला सांगा, क्लचवर पाय ठेवून बसायची सवय चांगली नाही." गृहस्थांचं तोंड उघडंच राहिलं. भाऊ आहे हे एक वेळ ठीक, पण धाकटा हे कसं कळलं? "थोरला असता तर सीट त्याच्या मापावर ठेवली असती तुम्ही. तुमचा भाऊ अवघडून बसतो आणि बोलत नाही."

सीटचं एक अंग खचलं असेल तर माणूस पाकीट मागच्या खिशात ठेवतो. दाराच्या काठावर कोपराचा डाग असेल तर तो गाणी ऐकतो. पायाखालची चटई टाचेपाशी झिजली असेल तर तो घाबरट आहे, आणि त्याच्या गाडीचं इंजिन डोळे झाकून घ्यावं. मापाड्यांचं म्हणणं, इंजिन मिस्त्री दुरुस्त करतो, पत्रा रंगारी. बसण्याची ढब कुणालाही दुरुस्त करता येत नाही. जुनी गाडी घेणारा माणूस तिच्यात रोज बसणार असतो. तिथे तो चुकला तर रोज चुकतो.

तर असा हा बसण्यातला माणूस, आणि तीन वर्षांपूर्वी एक बॅटरी उचलताना त्याची कंबर गेली.

तेव्हापासून कुठल्याही गाडीत दहा मिनिटं झाली, की कमरेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. टॉवेलची गुंडाळी झाली, उशी झाली, पट्टा झाला. डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं, "गाडी चालवणं विसरा आता." ही गोष्ट त्यांनी बाजारात फक्त एकाला सांगितली होती, सीटची कव्हरं शिवणाऱ्या गादीवाल्याला. कारण बसता येत नाही तर गाडी वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही तर जुन्या गाड्यांच्या आवाराला कुलूप. शिवाय मुलगी घाटापलीकडे राहायची, चार तासांच्या वाटेवर. तिला आठ महिन्यांची लेक होती आणि आजोबांनी नातीला अजून फक्त फोनच्या काचेवर बघितलं होतं.

वर्षअखेर आवार मोडायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

२

ती गाडी एका इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये खांबाला खेटून उभी होती. अकरा वर्षं जुनी, पाच दारांची, आखूड शेपटीची, राखी निळी. मालकीणबाई वाचनालयातून निवृत्त झालेल्या. उंच, सरळ, कमी बोलणाऱ्या. गाडी यजमानांची होती. ते गेले त्याला चार महिने झाले होते.

मापाडी गेले ते काही उमेदीने नव्हे. या जातीच्या गाडीची बैठक बाजारात बदनाम. सीट सपाट, मांडीखाली वीतभर कमी, स्टिअरिंग वर-खाली होतं पण जवळ येत नाही, आणि पेडल एका अंगाला सरकलेले. उंच माणूस तिच्यात बेडकासारखा बसतो आणि ठेंगणा टाचा उचलून. मापाडी ठेंगण्यात मोडणारे. पाच मिनिटं बसू, नाही म्हणू आणि घरी जाऊ, असा हिशेब.

ते बसले.

आधी त्यांना वाटलं, आपण नीट टेकलोच नाही. मग वाटलं, नीट टेकलो ते आजच. कमरेच्या खळग्यात, जिथे तीन वर्षं टॉवेल कोंबत होते नेमकं तिथे, काहीतरी भरून आलं होतं. ना टणक, ना मऊ. मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारखं. जणू कुणी त्यांची पाठ मोजून ही सीट केली होती. खांदे आपोआप खाली आले. गुडघे हवे तेवढे वाकले. मनगटं स्टिअरिंगच्या माथ्यावर अलगद पोचली. मुठीने मोजलं तर डोक्यावर नेमकी एक मूठ जागा.

पाव तास झाला, वीस मिनिटं झाली. खिळा आला नाही. मापाड्यांच्या छातीत लग्नघरातल्यासारखी धांदल उडाली. व्यापारी माणूस, माल आवडला तरी चेहरा सुतकी ठेवायचा हे चाळीस वर्षांचं वळण. पण आज ओठ ऐकेनात.

"पाठ थांबली ना दुखायची?" बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या.

पाठीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. पण लगेच मनाने उत्तर काढलं, आपण चालत आलो ते वाकडे, कुणीही ओळखेल.

"यजमानांनाही त्रास होता का कमरेचा?"

"गाडी घेईपर्यंत होता." बाईंनी ओढणी सारखी केली. "शेवटी शेवटी घरातल्या कुठल्याच खुर्चीत बसेनात. इथे खाली येऊन बसायचे. गेले तेही बसल्या बसल्याच."

"पुण्यवान हो," मापाडी म्हणाले, कारण अशा वेळी तेच म्हणतात.

मग एक चक्कर. बाई शेजारी बसल्या, मोठी कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून. "मागे ठेवा की," मापाडी म्हणाले, "अख्खी सीट रिकामी आहे."

"असू दे. मांडीवर बरी आहे."

आतला आरसा खाली कललेला होता. त्यात मागची काच दिसत नव्हती, मागची सीट दिसत होती. लेकुरवाळी माणसं आरसा असा ठेवतात, पोरं काय करतायत ते बघायला.

"मुलं किती तुम्हाला?"

"मूलबाळ नाही आम्हाला," बाई म्हणाल्या आणि समोर बघत राहिल्या.

एरवी मापाड्यांनी इथे थांबून विचार केला असता. आज त्यांनी आरशाचा स्क्रू ढिला आहे असं ठरवलं आणि सौदा केला.

३

"अगं, खाली ये. आत्ता. आहेस तशी ये."

बायको हात पुसत खाली आली, ती काही अपघात झाला या समजुतीने. नवरा राखी निळ्या गाडीत बसून हसत होता. तीन वर्षांत तिने त्याला बसलेला असताना हसताना पाहिलं नव्हतं.

"अहो, असे काय बघताय? लॉटरी लागली का?"

"बस. पर्स टाक मागे. बस नुसती."

गावाबाहेरच्या रस्त्याने त्यांनी तिला पाऊण तास फिरवलं. मध्ये एकदाही थांबले नाहीत, एकदाही कमरेला हात लावला नाही. ती घड्याळ बघत होती. पाऊण तास झाला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ती म्हणाली, "सीट तर माझ्याकडची अगदीच फळी आहे. सगळं सुख स्वतःलाच ठेवलंत."

"तुझ्या लेकीकडे नेतो तुला. पुढच्या रविवारी. मी चालवणार."

"घाटातून?"

"घाटातून, बोगद्यातून, म्हणशील तिथून!"

आणि दोघं लहान मुलांसारखी हसली. घरी उतरताना बायकोने पर्स घ्यायला मागचं दार उघडलं. पर्स तिने ड्रायव्हरच्या मागे टाकली होती. आता ती पलीकडच्या दाराशी होती. पडलेली नव्हती, कलंडलेली नव्हती. उभी, पट्टा आत दुमडलेला. कुणी बसायला जागा मागितल्यावर आपण आपलं सामान सरकवून घेतो, तशी.

"वळणावर घसरली असेल," मापाडी म्हणाले.

"असेल," बायको म्हणाली. "शहाणी आहे हो माझी पर्स."

४

व्यापाऱ्याच्या जातीला नुसतं सुख पचत नाही, त्यातून धंदा काढायची घाई होते. रात्रभर मापाडी कूस बदलत होते. या सीटमध्ये जे काही आहे ते उतरवून काढायचं आणि आवारातल्या प्रत्येक गाडीला बसवायचं. कंबरदुखीचं अर्धं गाव आपल्या दारात! सकाळी ते गादीवाल्याच्या दुकानी हजर.

गादीवाला त्यांचा जुना दोस्त, तोंडाने फाटका, हाताने सोन्याचा. आधी तो स्वतः सीटवर बसला आणि ओरडला, "शेठ, ही सीट आहे की विहीर? पार मागे गेलो मी! दांडा लागला मणक्याला!"

"उठ. तुला बसता येत नाही."

"पन्नास वर्षं बसतोय मी, आज नाही येत?"

मापाडी बसले. आधार हजर. जागच्या जागी.

"बघ," ते म्हणाले. "ताठ आहे की नाही मी?"

गादीवाल्याने डोकं खाजवलं. मग मागे जाऊन त्याने पाठीच्या कव्हराची चेन उघडली आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे आजारीपणाचं लक्षण होतं.

"काय आहे आत?"

"तेच बघतोय. काहीच नाहीये." त्याने मूठभर पिवळा भुगा बाहेर काढला. "फोमचं पीठ झालंय. कमरेची तार दोन्ही टोकांना तुटलीय. शेठ, ही पाठ पोकळ आहे. हिच्यात टेकायला काही नाहीच."

"मग मी कशाला टेकलोय?"

"ते तुम्ही मला सांगा."

तेवढ्यात त्याचं लक्ष कव्हराच्या मागच्या बाजूकडे गेलं. कापडावर दोन खोलगट डाग होते, चकचकीत झालेले, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. "हां, हे बघा! मागे बसणारा कुणीतरी गुडघे टेकवत असणार. वर्षानुवर्षं." मग त्याने डागांवरून अंगठा फिरवला. "पण गुडघ्याचा डाग गोल असतो. हे लांबट आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे लांबट. छताचं कापडही मागे तेलकट झालंय, तेही एकदा धुवून घ्या. थांबा, मी आतून हात घालून बघतो. तुम्ही टेकूनच राहा."

तो मागच्या सीटवर गुडघ्यांवर चढला. आणि त्याच क्षणी मापाड्यांच्या कमरेचा आधार गेला. ढिला नाही झाला, गेलाच. ते मागे खड्ड्यात पडले, खिळा कचकन आत शिरला, तोंडून आई गं निघालं.

"काय झालं?"

"बाहेर हो! आधी बाहेर हो तू!"

गादीवाला गडबडून बाहेर पडला. मापाडी डोळे मिटून श्वास धरून बसले. एक, दोन, तीन. आणि कमरेला अलगद, मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारखं, ते परत आलं.

"तुझ्या वजनाने गाडीची पातळी बदलली," थोड्या वेळाने मापाडी म्हणाले. "जुने स्प्रिंग आहेत."

"माझ्या वजनाने?" गादीवाला फक्त एवढंच म्हणाला. तो काडीसारखा होता. "शेठ, नवा फोम भरून देतो. आत्ता, तासाभरात. पैसे नकोत."

"हात लावायचा नाही," मापाडी म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढलाच.

५

आठवडा मोठ्या मजेत गेला. मापाड्यांनी इतक्या वर्षांत केला नव्हता एवढा धंदा चार दिवसांत केला, कारण राखी निळ्या गाडीने ते कुठेही जाऊन माल बघू शकत होते. फक्त एक झालं, बाकीच्या खुर्च्या सोसेनात. जेवायची खुर्ची बोचायची, सोफा गिळायचा. दुपारी जेवण झालं की ते खाली जाऊन गाडीत बसत. बायको खिडकीतून चहाचा कप आत देई.

"घरात खुर्च्या काय शोभेला आहेत?" ती म्हणाली.

असंच काहीसं कुठेतरी ऐकल्यासारखं त्यांना वाटलं. कुठे ते आठवलं तेव्हा चहा गार झाला होता.

आता मापाडी काही भाबडे नव्हते. आपल्या डोळ्यांनी वजन केल्याशिवाय त्यांनी कधी खिळाही घेतला नव्हता. त्यांनी एक जुनी युक्ती काढली. सीट कुठे खचते ते बघायला ते तिच्यावर खाकी कागद अंथरत. माणूस क्षणभर टेकला तरी कागद खरं सांगतो. तो कागद त्यांनी मागच्या सीटवर कडेपासून कडेपर्यंत पसरला, दारं लावली, काचा चढवल्या आणि पुढे बसून राहिले. आधार आला. अर्धा तास ते त्याला टेकून बसले, जीव मुठीत धरून. मग उतरून मागचं दार उघडलं.

कागद कोरा होता. एक सुरकुती नाही.

मापाड्यांना इतका आनंद झाला, की जिना ते दोन-दोन पायऱ्या चढले. "कुणी नाही!" ते दारातूनच म्हणाले. "अगं, कुणीच नाही बसलेलं!"

"कोण कुणी नाही?" बायकोने विचारलं.



शुक्रवारी वाचनालयाच्या बाई आवारात आल्या, दुसरी किल्ली द्यायला. मापाडी गाडीतच बसले होते. बाई चार पावलं लांब थांबल्या.

"किती वेळ झाला बसून?"

"असेल तासभर. अहो, झोप लागावी अशी सीट आहे!"

"ह्यांना पहिल्या आठवड्यात फार तर पाव तास जमायचा." त्यांनी किल्ली बॉनेटवर ठेवली. गाडीला त्यांचा हात लागणार नाही अशी.

"बाई, एक विचारू? मागे कोण बसायचं?"

"मी पुढेच बसायचे."

"ते झालं. मागे?"

"मागे आम्ही काही ठेवत नव्हतो," बाई म्हणाल्या, नमस्कार केला आणि निघाल्या. जाताना त्यांची चाल अगदी हलकी होती. माल खपल्यावर व्यापाऱ्याची असते तशी.

६

रविवार उजाडला तो झकास. स्वच्छ ऊन, रस्ता मोकळा. बायकोने पहाटेपासून बांधाबांध केली होती. नातीची झबली, टोपडी, एक खुळखुळा. सगळं डिकीत गेलं. पर्स मात्र तिने मांडीवर घेतली.

"मागे टाक की."

"असू दे."

मापाड्यांनी तिच्याकडे बघितलं. "असू दे म्हणजे?"

"काही नाही हो. मागे ठेवली की उतरताना तिचा पट्टा कोमट लागतो. उन्हाने होत असेल."

गाडी सावलीतून काढलेली होती. पण सकाळ एवढी सुरेख होती, की तिच्यावर ओरखडा काढायला मन झालं नाही. त्यांनी आरसा वर करून मागच्या काचेवर आणला आणि गाडी हाणली. पहिला तास गेला, दुसरा लागला. कंबर म्हणून काही आहे याचाच विसर पडला. मापाडी गात होते. बेसूर, पण मनापासून. बायको टाळ्या वाजवत होती. लेकीचा फोन आला. "बाबा, खरंच तुम्ही चालवताय? आम्ही दारात बसतो दोघी!" आणि फोनमध्ये तिच्या मागून नातीचा एक चित्कार. मापाड्यांनी उत्तरादाखल हॉर्न वाजवला.

आरसा तेवढा राहत नव्हता. त्यांनी वर करावा आणि दहा मिनिटांत तो खाली यावा. तिसऱ्या वेळी त्यांनी नाद सोडला.

घाटाच्या माथ्यावर बोगदा लागला. लांब, आत पिवळे दिवे, एकामागून एक. उजेड गाडीत यायचा आणि जायचा. मापाड्यांनी सवयीने आरशात पाहिलं. मागची सीट दिसली. रिकामी. उजेड गेला, आला. रिकामी. त्यांना हसू आलं. आरसा जरा जास्तच कलला होता, सीटच्या वरचं छतही त्यात दिसत होतं. तो तेलकट पट्टा.

आणि चाक खड्ड्यात गेलं. गाडी उडाली, आपटली. पर्स, खुळखुळा, दोघांचे दात, सगळं एकदम वाजलं. मापाड्यांची नजर आरशातच होती. उजेड आला तेव्हा त्यांना दिसलं, छताचं कापड वर दबलं. आत, दोन खळग्यांत. आणि खड्डा मागे पडल्यावर, सावकाश, ते पुन्हा सैल झालं. जड माणूस सीटवर आपटून पुन्हा नीट बसतो, तसं. फक्त सीट खाली असते.

उजेड गेला.

७

बोगद्याबाहेर रस्त्याकडेला रुंद जागा होती. तिथे त्यांनी गाडी उभी केली.

"अहो, काय झालं? चेहरा का असा झालाय?"

"पाय मोकळे करू जरा."

बायको कठड्याशी जाऊन उभी राहिली. मापाड्यांनी मागचं दार उघडलं आणि भर उन्हात, वाकून, वर पाहिलं. जुन्या गाडीच्या छताचं कापड सैल पडतं, गोंद सुटला की खाली झोळ येतो, हे त्यांना पाठ होतं. हा झोळ नव्हता. हे कापड वरच्या बाजूला दाबलं गेलं होतं आणि घासून घासून गुळगुळीत झालं होतं. मधली शिवण एका अंगाला ताणलेली. कडेचा दोरा झिजलेला.

आयुष्यात त्यांनी हजारो बैठका वाचल्या होत्या. हिला पाव तास लागला नाही. अंगाने मध्यम. सवय पुढे झुकून बसण्याची. हात लांब, पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत पोचणारे. उठबस जवळजवळ नाही. घाई अजिबात नाही.

त्यांनी दार हळूच लावलं. झोपलेलं कुणी जागं होऊ नये असं लावतात, तसं.

"आपण बसने जाऊ," ते कठड्याशी येऊन म्हणाले. "खालच्या नाक्यावर मिळते."

"बसने? दोन तास? तुम्ही?" बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "बरं. जाऊ. तुम्ही म्हणाल तसं."

आणि खिळा शिरला. उभ्याने, गाडीबाहेर. आजवर कधी इतका आत गेला नव्हता. आठवडाभर जे सगळं लांब थांबवून धरलं होतं ते एकदम आलं. त्यांनी कठडा धरला. नाका खाली दिसत होता, काडेपेटीएवढा. तिथवर चालणं सोडा, उभं राहणंही जमेना. फोन वाजला. लेक. तिच्या मागून नातीचं खुदखुदणं. "बाबा, कुठवर? ती दाराकडेच बघतेय."

मापाड्यांनी गाडीकडे पाहिलं. ड्रायव्हरचं दार उघडंच होतं. उन्हात सीट नेहमीसारखी दिसत होती. सपाट, फळीसारखी, बाजारात बदनाम.

"आलोच," ते फोनवर म्हणाले.

बायकोने त्यांना खांद्याला धरून नेलं. ते बसले. आधार आला, पण घाईत आल्यासारखा, जरा वर. मापाडी चाळीस वर्षं गिऱ्हाइकाशी बोलत आले त्याच गोड आवाजात, मान न वळवता म्हणाले, "जरा खाली."

तो खाली आला. नेमका.

"कुणाशी बोललात?" बायकोने विचारलं. ती पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती.

"गाडीशी. आठवडाभर तिलाच बोलू दिलं होतं." आणि त्यांना हसू आलं, खरंखुरं. कारण खिळा गेला होता, ऊन लख्ख होतं आणि नात दारात बसली होती. आरसा त्यांनी स्वतःच्या हाताने खाली केला, पहिल्या दिवशी होता तिथे, आणि गाडी उताराला लावली.

पहिली दोन वळणं झकास गेली. तिसऱ्या वळणावर त्यांना जाणवलं, मणक्याच्या एका बाजूचा आधार सुटला आहे. नुसता एका बाजूचा. दुसरी बाजू जागच्या जागी होती, घट्ट. ते बोलायला तोंड उघडणार, तोच शेजारी बायको सीटवर सरळ झाली. तिचे खांदे खाली आले. पर्सवरची बोटं एकेक करून सुटली.

"अहो!" ती म्हणाली. तिचा आवाज आनंदाने भरून आला होता. "ही माझी फळीसुद्धा काय छान टेकते हो आता! मला आधी कळलंच नव्हतं."

मापाड्यांनी आरशात बघायचं टाळलं. खाली दरीत लेकीच्या गावाकडचा रस्ता दिसायला लागला होता. त्यांनी वेग कमी केला नाही.